शेवंतीचा पाठ

दसऱ्याच्या सुमारास परसातील शेवंती कळ्यांनी भरते आणि मार्गशीर्षापर्यंत फुलत राहते. अशा दिवसांत या फुलाचा पाठ फळ्यावरील चित्रावर भागविण्याचे कारण नाही. प्रत्येक मुलाच्या हाती एक फूल असावे. मात्र ते गच्च पाकळ्यांचे नसावे. मधली पिवळी चकती स्पष्ट दिसते असे साधे फूल निवडावे.

‘हे फूल एक की अनेक?’ असा प्रश्न शिक्षकाने प्रथम विचारावा. वर्ग एकमुखाने ‘एक’ म्हणेल. ते उत्तर लगेच खोडू नये. मुलांनी फूल कागदावर हलक्या हाताने सुटे करावे. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो, त्या प्रत्येकीच्या बुडाशी बारीक स्त्रीकेसर आढळतो. चकतीतील इवल्या नळ्या भिंगातून पाहिल्या, तर त्याही स्वतंत्र फुलेच ठरतात. शेवंतीचे फूल म्हणजे शेकडो फुलांचा मेळा. सूर्यफूल आणि झेंडू याच कुळातील आहेत, हे मग सांगावे लागत नाही; मुलेच ओळखतात.

वर्गात फूलशेती करणाऱ्या घरची मुले असतील तर पाठ अधिक जपून घ्यावा. सणाच्या दिवसांत ही मुले पहाटे दवात फुले तोडून शाळेत येतात. क्वचित उशिरा येतात, क्वचित बाकावर डुलक्या घेतात. त्यांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. झिपरी कोणती, रेवडी कोणती, दिवाळी सरताच भाव का उतरतो, हे ती मुले शिक्षकाहून अधिक जाणतात. पाठाचा तेवढा भाग त्यांच्याकडूनच वदवून घ्यावा. एरवी मागे बसणारा मुलगा त्या दिवशी पुढे येतो.

शेवंती मूळची पूर्व आशियातील, विशेषतः चीनची. तिकडे शरदात पाने गळत असतात आणि त्याच वेळी ही फुलते, म्हणून तिचे कौतुक अधिक. इ. स. ४०५ मध्ये सरकारी चाकरी सोडून शेतीकडे वळलेला कवी ताओ युआनमिंग याचे नाव या फुलाशी कायमचे जोडले गेले. चीनमध्ये नवव्या चांद्रमासाच्या नवमीस शेवंती पाहण्याची जुनी रीत आहे. वाळलेल्या फुलांचा चहाही तेथे पितात. जपानच्या सम्राटाचे चिन्ह सोळा पाकळ्यांची शेवंतीच आहे. आपल्याकडे पानगळ शिशिरातील. तेव्हा परदेशी शरदाचे वर्णन मुलांकडून पाठ करून घेऊ नये.

ही शरदातच का फुलते? जून महिन्यात महाराष्ट्रातील दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरात सुमारे ११ तासांचा. रात्र पुरेशी लांबली की शेवंती कळ्या धरते. दिवसमानाचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर व ॲलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू, सोयाबीन इत्यादी पिकांवरून दाखवून दिला. रस्त्यावरील दिव्याखालची शेवंती उशिरा का फुलते, याचा उलगडाही यातच आहे.

हे शाळेत पडताळता येते. श्रावणात सारख्या वाढीच्या दोन कुंड्या घ्याव्यात. एकीवर रोज सायंकाळी ५ वाजता जाड काळ्या कापडाने मढविलेले डालगे पालथे घालावे व सकाळी ८ वाजता काढावे. दुसरी उघडी ठेवावी. झाकलेल्या रोपावर कळ्या आधी दिसतात. काम एक दिवसही चुकता कामा नये; म्हणून पाळीपत्रक भिंतीवर लावावे आणि रविवारची पाळी शाळेजवळच्या मुलांना द्यावी. कळ्या प्रथम कोणत्या तारखेस दिसल्या, ती दोन्ही कुंड्यांपुढे मुलांनीच लिहावी.

बहर संपल्यावर खोड जमिनीलगत छाटावे. बुंध्याशी नवे कोंब फुटतात. शेतकरी त्यांना काश्या म्हणतात. उन्हाळी सुटीपूर्वी मुळांसह एकेक काशी मुलांना घरी लावण्यास द्यावी. ज्यांच्या घरी परस नाही, त्यांच्यासाठी फुटका माठही चालतो.