गाठीचा कर्करोग : शहरात जास्त, खेड्यात कमी. हा आकडा कसा वाचावा?



पायात काटा मोडला आणि जखम चिघळली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. दाढ किडली की जबड्याखाली गाठ लागते. डोक्यात पुळ्या झाल्या की पोराच्या मानेमागे वाटाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात. या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी. मान, काखा, जांघा, छाती आणि पोट अशा जागी त्या शेकड्यांनी असतात, आणि शरीरात शिरलेल्या जंतूंना अडवून धरणे हे त्यांचे काम. धुऱ्यावर राखणदार बसवावा तशा त्या बसलेल्या असतात. जखम बरी झाली की अवधाणही बसते.

या राखणदार पेशीच बेलगाम वाढू लागल्या म्हणजे जो कर्करोग होतो त्याला लिम्फोमा म्हणतात. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण मुख्य दोन. एक हॉजकिन लिम्फोमा. थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टराने १८३२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. बाकी सारे नॉन-हॉजकिन या दुसऱ्या गटात मोडतात, आणि आपल्या देशात जास्त रुग्ण याच गटातले असतात.

हा विषय या अंकात घेण्याचे कारण असे. शहरात धूर, भेसळ आणि धावपळ, तर खेड्यात मोकळी हवा आणि अंगमेहनत, म्हणून कर्करोग हा शहरवाल्यांचा रोग, असे कोंढ्याच्या पारावर काय किंवा पवनीच्या बाजारात काय, नेहमी ऐकू येते. सरकारी आकडेही वरवर पाहता हेच बोलतात. आकडे खोटे नाहीत. पण ते कसे तयार होतात हे पाहिल्याशिवाय त्यांच्या भरवशावर निर्धास्त राहणे बरे नव्हे.

आपल्या देशात लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी प्रथम मुंबईत सुरू झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली ते काम हाती घेतले. पुढे पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि आपले नागपूर येथेही नोंदणी सुरू झाली. म्हणजे सारी शहरेच. खेड्यांचे काय, हा प्रश्न उरलाच होता. त्याला पहिले उत्तर १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथून मिळाले. बार्शीसह परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या खेड्यांसाठी तिथे देशातले पहिले ग्रामीण नोंदणी केंद्र निघाले. विदर्भात सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयामार्फत वर्धा जिल्ह्याची नोंद होते. २०२० साली राष्ट्रीय अहवाल निघाला, त्यात देशभरातल्या २८ केंद्रांचे आकडे आहेत. नागपूर आणि वर्धा त्यात आहेत, भंडारा नाही. म्हणून आपल्या जिल्ह्याविषयी बोलताना शेजारच्यांच्या आकड्यांवरून अंदाजच बांधावा लागतो.

आता आकडे पाहू. देशभरच्या नोंदींवरून नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा वार्षिक दर पुरुषांत लाखामागे २.९ आणि स्त्रियांत १.५ असा काढलेला आहे. युरोप-अमेरिकेच्या मानाने हा साधारण चौथा हिस्सा. देशातल्या देशात मुंबई, दिल्ली, चेन्नई या महानगरांत दर चढा, आणि ग्रामीण केंद्रांत त्याच्या कित्येक पटींनी कमी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी जाऊन राहिलेल्या भारतीयांत हा दर इथल्यापेक्षा जास्त दिसतो. माणूस तोच, रक्त तेच, मुलूख बदलला आणि आकडा बदलला. तेव्हा हा फरक जन्मजात म्हणता येत नाही.

मग फरक कशाचा? प्रथम वयाचा विचार करावा, कारण हा रोग वाढत्या वयात अधिक होतो. एका गावात सगळा लागणीचा ऊस आणि दुसऱ्या गावात सगळा खोडवा, आणि एकरी टनेज शेजारी शेजारी मांडून कोणत्या गावचा शेतकरी हुशार ते ठरवायचे, असे आपण करीत नाही. नोंदणीवालेही करीत नाहीत. दोन्हीकडे तरण्यांचे व म्हाताऱ्यांचे प्रमाण सारखे धरून ते दर काढतात. तसे केल्यावरही शहर आणि खेडे यांतले अंतर उरतेच.

दुसरी बाब मोजमापाची, आणि आमच्या मते तीच मोठी आहे. कारखान्याच्या गाळपाची वही पाहून एखाद्या गावात ऊस किती उभा होता हे सांगता येईल काय? काट्यावर जेवढा ऊस आला तेवढाच वहीत चढला. जो गुऱ्हाळाला गेला, रसवंतीला गेला, बेण्याला ठेवला, रानडुकरांनी खाल्ला, तो वहीत नाही. म्हणून तो पिकलाच नाही असे कोणी म्हणत नाही. रोगाचेही तसेच आहे. जो रुग्ण इस्पितळापर्यंत पोचला, ज्याची गाठ तपासली गेली, ज्याच्या कागदावर रोगाचे नाव पडले, तोच नोंदणीत येतो. जो ‘ताप मुरला, अंग वाळत गेलं, गेला बिचारा’ एवढ्यावर संपला, तो येत नाही.

यातही लिम्फोमाची अडचण इतर कर्करोगांहून जास्त आहे. तोंडातला व्रण दिसतो. स्तनातली गाठ गावची परिचारिका हाताने तपासून संशय घेऊ शकते. लिम्फोमा मात्र गाठ कापून, तिचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय पक्का होत नाही, आणि ती सोय शहरात. बार्शीकडे सर्व कर्करोग मिळून दर मुंबईच्या निम्म्याच्या आसपास आढळला. लिम्फोमाच्या बाबतीत मात्र ग्रामीण दर कित्येक पटींनी खाली जातो. नुसती हवा-पाण्याची करामत असती तर याच रोगाला एवढी मोठी सूट कशी मिळाली असती? जिथे तपासणी अवघड, तिथेच आकडा जास्त पडतो, हे पाहून आम्हाला वही अपुरी असल्याचा संशय येतो. त्यात पुन्हा खेड्यातला रुग्ण मुंबईला जाऊन भावाच्या किंवा जावयाच्या घरचा पत्ता लिहून देतो. नोंदणीवाले निदान वर्षभराचा रहिवास विचारतात, तरी असे काही पत्ते शहराच्या खात्यात जमा होत असणारच.

याचा अर्थ सगळा फरक कागदावरचाच, असेही नाही. मुलखाप्रमाणे लिम्फोमा खरोखर बदलतो. याचा सर्वांत नामांकित दाखला आफ्रिकेतला आहे. युगांडातील कंपाला येथे डेनिस बर्किट नावाचे शल्यचिकित्सक होते. लहान मुलांच्या जबड्याला झपाट्याने वाढणारी गाठ त्यांना वारंवार दिसू लागली, आणि १९५८ साली त्यांनी तिच्यावर लेख लिहिला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. ही गाठ कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, हे त्यांनी गावोगावच्या दवाखान्यांना पत्रे धाडून विचारले. १९६१ साली दोन सोबत्यांना घेऊन जुन्या मोटारीतून सुमारे १०,००० मैल हिंडले. नकाशा मांडला तेव्हा दिसले की उष्ण, पावसाच्या, सखल मुलखात हा रोग आहे आणि उंच थंड डोंगरावर नाही. जिथे हिवताप बारमाही, तिथे ही गाठ. पुढे १९६४ साली त्याच गाठीच्या पेशींत एक विषाणू सापडला. आज त्याला एपस्टाईन-बार विषाणू म्हणतात. एका माणसाने चिकाटीने ‘कुठे आहे, कुठे नाही’ एवढेच विचारले आणि रोगाच्या मुळाशी जाणारी वाट उघडली.

आपल्याकडे शहरांत दर चढण्याची खरी कारणेही असणार. एचआयव्हीची बाधा झालेल्यांत लिम्फोमा कित्येक पटींनी वाढतो. काही प्रकार पोटातल्या जंतूंशी, तर काही काविळीच्या सी विषाणूशी जोडलेले आहेत. पण कुठल्याही एका कारणाने सारा फरक उलगडत नाही.

आता आपल्या फवारणीच्या पंपाकडे वळू, कारण हा प्रश्न सभासद विचारणारच. उसातले तण मारायला टू-फोर-डी वापरतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या शेतकऱ्यांची पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. वर्षात वीसहून जास्त दिवस अशी तणनाशके हाताळणाऱ्यांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा धोका सहापट दिसला होता. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा धोका दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली निवाडा दिला तो असा : टू-फोर-डी हे ‘कदाचित कर्करोगकारक’, ग्लायफोसेट व मॅलेथिऑन ‘बहुधा कर्करोगकारक’, आणि लिंडेन हे माणसाला निश्चित कर्करोगकारक, तेही नेमके नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या बाबतीत. लिंडेन म्हणजे आपल्या जुन्या बीएचसी पावडरीतला कीड मारणारा घटक. उधई लागू नये म्हणून सरीत पावडर टाकून त्याच हाताने बिडी पेटवणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. लिंडेनचे उत्पादन २०११ पासून आणि वापर २०१३ पासून बंद झाला. कोणाच्या कोठीत माळ्यावर जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नये, आणि विहिरीजवळ किंवा नाल्यात तर मुळीच फेकू नये.

इथे कोणी म्हणेल, फवारणीने रोग होतो तर खेड्यात आकडा जास्त पाहिजे, कमी कसा? प्रश्न रास्त आहे. परदेशातल्या पाहण्यांत असे दिसले की शेतकऱ्यांना एकूण कर्करोग इतरांपेक्षा कमी होतो, पण लिम्फोमासारखे दोन-चार प्रकार किंचित जास्त. म्हणजे तिथे तपासणी सर्वांना सारखी मिळते, तेव्हा वजन काट्यावर नीट दिसते. आपल्याकडे काटाच अर्ध्या वाटेवर असल्याने खेड्याच्या कमी आकड्यावरून फवारणीला निर्दोष ठरवता येत नाही, आणि दोषीही ठरवता येत नाही. तोवर हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याकडे पाठ आणि फवारणीनंतर आंघोळ, एवढे करण्यात काही खर्च नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा ढोबळ हिशेब. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची वस्ती १२ लाख. देशाच्या सरासरी दराने धरले तर वर्षाला सव्वीसच्या आसपास नवे रुग्ण. पाच हजार वस्तीच्या गावात नऊ-दहा वर्षांत एखादा. उलट क्षयरोगाचे नवे रुग्ण देशात लाखामागे दोनशेच्या आसपास, आणि फुफ्फुसाबाहेरच्या क्षयात मानेच्या गाठींचा क्षय, ज्याला जुनी माणसे गंडमाळ म्हणतात, तो सर्वांत जास्त. म्हणून मानेत गाठ, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनात घट असा रुग्ण आला की गावच्या डॉक्टरला आधी क्षय आठवतो. त्यात त्याची चूक नाही. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. घोटाळा होतो तो न तपासता अंदाजानेच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणजे. दोन्ही रोगांची लक्षणे एकसारखी. सहा महिने गोळ्या खाऊन गाठ वाढतच जाते आणि मग नागपूरची वाट धरली जाते. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही, रबरासारखी लागते. ‘दुखत नाही ना, मंग काय झालं?’ हेच वाक्य घात करते. दुखरे अवधाण आठ-पंधरा दिवसांत बसते. न दुखणारी गाठ महिनाभरात बसली नाही तर ती तपासलीच पाहिजे.

दुसरा घोटाळा ताकदीच्या गोळीचा. स्टेरॉईडची गोळी किंवा इंजेक्शन घेतले की लिम्फोमाची गाठ काही दिवस खरोखरच बसते. घरचे खूश होतात. पण रोग जात नाही, आणि अशा वेळी गाठ काढून तपासली तरी निदान फसू शकते. म्हणून तपासणीआधी असली गोळी घेऊ नये, आणि घेतली असेल तर डॉक्टरपासून लपवू नये.

तिसरी गोष्ट सुरीच्या भीतीची. ‘गाठीला लोखंड लावलं की रोग पसरतो’ असे म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक घरात असतो. हे खरे नाही. सुईने थोड्या पेशी काढून पाहणे ही पहिली पायरी. लिम्फोमाचा संशय असेल तर शक्यतो अख्खी गाठ काढून तपासावी लागते, कारण प्रकार कोणता त्यावर औषध ठरते. आणि औषध आहे. हॉजकिन लिम्फोमा वेळेवर सापडला तर दहातले आठ-नऊ बरे होतात. नॉन-हॉजकिनमधला जो प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त, तो झपाट्याने वाढणारा असूनही पूर्ण उपचाराने निम्म्याहून अधिक रुग्णांत बरा होतो. भारतात या रोगाचे रुग्ण पाश्चात्त्यांपेक्षा तरुण, सरासरी चोपन्नच्या वयाचे असतात. म्हणजे घरचा कर्ता माणूस. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवावे.

पुन्हा बार्शीकडे येऊ. तिथे डॉ. बी. एम. नेने, टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्पितळात बसून रुग्णांची वाट पाहिली नाही. कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित माणसाला तपासणीसाठी पाठवले. नोंद पुरी व्हावी म्हणून केलेले हे काम. पण १९९५ साली त्यांनी दाखवून दिले की तेवढ्या बोलण्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या.

आमचे म्हणणे असे की प्रत्येक गटाच्या बैठकीत तोडणीच्या पाळीपत्रकाबरोबर हाही विषय पाच मिनिटे निघावा. नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि तुकडोजी महाराजांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. जाताना जुने सगळे कागद न्यावेत. गाठ काढली तर ती फॉर्मेलिनच्या बाटलीत तपासणीला गेली का, हे स्वतः विचारावे. तपासणीनंतर गाठीचा मेणात बसवलेला ठोकळा उरतो, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. दुसऱ्या इस्पितळात जायचे झाल्यास तो मागून घ्यावा, म्हणजे पुन्हा गाठ कापावी लागत नाही.