स्टॉपलॉसच्या पलीकडचा हिशोब

एका ट्रेडमध्ये भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त घालवायचं नाही, हा नियम मी सुरुवातीपासून पाळत आलो आहे आणि आजही पाळतो. भांडवल पाच लाख, तर एका ट्रेडमागे जोखीम पाच हजार. शेअर 500 ला घेतला, स्टॉपलॉस 490 ला लावला, म्हणजे शेअरमागे दहा रुपये; पाच हजारांना दहानं भागलं की 500 शेअर. गणित बरोबर आहे. पण त्याच गणितानं अडीच लाख, म्हणजे निम्मं भांडवल, एकाच कंपनीत जातं. स्टॉपलॉस जितका जवळ, तितकी क्वांटिटी मोठी. धोका इथेच आहे.

मी तो एका मिडकॅप शेअरमध्ये अनुभवला. बाजार बंद झाल्यावर कंपनीची वाईट बातमी आली आणि सकाळी शेअर बराच खाली उघडला. माझ्या स्टॉपलॉसच्या भावाला एकही सौदा झाला नाही. ऑर्डर ट्रिगर झाली ती थेट खालच्या भावाला. वरच्याच आकड्यांत सांगायचं, तर 490 ऐवजी 400 मिळाले की पाच हजारांचा तोटा पन्नास हजारांचा होतो. लिमिट लावली असती तर शेअर विकलाच गेला नसता. लोअर सर्किट लागलं तर समोर घेणाराच नसतो.

इंट्राडेवाले म्हणतात, आम्ही रात्री काही ठेवतच नाही. पण असा धक्का दिवसाही बसतो. 7 जानेवारी 2009 ला सत्यमच्या अध्यक्षांचं कबुलीपत्र बाजार चालू असताना बाहेर आलं आणि त्याच दिवशी शेअर तीन चतुर्थांशांहून जास्त कोसळला. रात्रीच्या धक्क्याचं उदाहरण हवं, तर येस बँकेवर 5 मार्च 2020 च्या संध्याकाळी निर्बंध आले. दुसऱ्या दिवशी भाव निम्म्याहूनही खाली बंद झाला. दोन्ही मोठी, रोज उलाढाल होणारी नावं होती.

म्हणून मी आता क्वांटिटी दोनदा काढतो. एकदा स्टॉपलॉसवरून, आणि एकदा हा शेअर उद्या वीस टक्के खाली उघडला तर काय, यावरून. त्या धक्क्यातही भांडवलाचे दोनच टक्के जावेत असं धरलं, तर एका शेअरमध्ये भांडवलाच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बसत नाही. 500 च्या जागी 100 शेअर. दोन उत्तरांतलं लहान घ्यायचं. नफा कमी दिसतो, हे खरं आहे, आणि तेजीत ते फार टोचतं.

पाच ट्रेडमध्ये एकेक टक्का म्हणजे जोखीम विभागली, असंही धरू नका. 4 जून 2024 ला लोकसभेच्या निकालादिवशी निफ्टी जवळपास सहा टक्के पडला, आणि सरकारी बँका, सरकारी कंपन्या त्याहून जास्त आपटल्या. त्या गटातले पाच शेअर ज्याच्याकडे होते, त्याचा ट्रेड खरं तर एकच होता.

फ्यूचर्समध्ये तर क्वांटिटी आपल्या हातातच नसते. निफ्टीचा 2025 मधला 75 चा लॉट धरला आणि भांडवल दोन लाख असलं, तर एक टक्का, म्हणजे दोन हजार, सत्तावीस पॉइंटांत संपतो. एवढं निफ्टी सकाळच्या पहिल्या काही मिनिटांतही हलतो. अर्धा लॉट मिळत नाही. मग लोक गणित बसवायला स्टॉपलॉस ओढून जवळ आणतात. तसं करू नका. तेवढ्या भांडवलात तो ट्रेड बसत नाही, तो सोडून द्या.