फेफरे, मेंदूवरील शस्त्रक्रिया आणि वर्गशिक्षक

१. विकाराचे स्वरूप

अपस्मार, म्हणजेच खेड्यापाड्यांतून ज्यास फेफरे, आकडी किंवा फीट म्हणतात, हा मेंदूचा विकार होय. मेंदूतील असंख्य पेशींचा परस्परव्यवहार सूक्ष्म विद्युत्-संदेशांच्या द्वारे चालतो. हा व्यवहार काही क्षण बेताल झाला म्हणजे झटका येतो. बेतालपणा सबंध मेंदूत पसरला तर मूल कोसळते, अंग ताठते व हातपाय आचके देऊ लागतात. तो मेंदूच्या एका भागापुरताच राहिला, तर पाहणाराच्या लक्षातही येऊ नये इतका झटका सौम्य असू शकतो.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा विकार आहे. तो संसर्गजन्य नाही, वेड नाही आणि ‘बाहेरची बाधा’ तर नाहीच नाही. जन्मसमयी प्राणवायू कमी पडणे, डोक्यास मार लागणे, मेंदूज्वर ही त्याची काही कारणे आहेत. आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे. पट्टकृमीची अंडी दूषित माती, पाणी किंवा न धुतलेल्या भाजीवाटे पोटात जातात व कृमीच्या अळ्या मेंदूत गाठी करून राहतात. शुद्ध शाकाहारी घरातील मुलासही हा धोका असतो. म्हणून शौचालयाचा वापर, हात धुणे व भाजी स्वच्छ धुणे हे परिसर अभ्यासातील पाठ फेफऱ्याच्या प्रतिबंधाचेही पाठ आहेत.

२. न ओळखला जाणारा झटका

कोसळणारे मूल सर्वांना दिसते. न कोसळणाऱ्या मुलाची मात्र पुष्कळदा उपेक्षा होते, क्वचित त्यास शिक्षाही होते. कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या मेंदूच्या भागात झटका उगम पावला, तर मुलास प्रथम पोटातून काही वर चढल्यासारखे वाटते, किंवा नसलेला वास येतो. मग ते एकटक पाहू लागते, ओठ चाळवते, सदऱ्याची गुंडी चाचपत बसते. गुरुजींनी हाक मारली तरी ओ देत नाही. एकदोन मिनिटांनी भानावर आल्यावर ते गोंधळलेले असते व मधल्या वेळेत काय झाले हे त्यास सांगता येत नाही. अशा मुलास ‘उर्मट’, ‘मंद’ किंवा ‘लक्ष नसलेला’ ठरविणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

३. शस्त्रक्रियेपूर्वीचे जीवन

योग्य निदान व औषधोपचार झाल्यास १०० पैकी सुमारे ७० रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. ज्यांचे झटके दोन योग्य औषधे योग्य प्रमाणात घेऊनही थांबत नाहीत, त्यांचे जीवन अनिश्चिततेने ग्रासलेले असते. पुढचा झटका केव्हा येईल, कोठे येईल, कोणाच्या देखत येईल, याची भीती झटक्याइतकीच त्रासदायक ठरते. मूल विहिरीवर पोहायला जात नाही, सहलीस नेले जात नाही, स्नेहसंमेलनात रंगमंचावर उभे केले जात नाही. घरचे लोक अंगारा-धुपारा करून थकतात. मुलगी असेल तर तिच्या लग्नाच्या चिंतेने विकारच लपविला जातो व त्यासोबत उपचारही राहून जातो. हिंदू विवाह कायद्यातही या विकाराचा बाधक म्हणून उल्लेख होता. तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आला, ही गोष्ट पालकांस आवर्जून सांगण्याजोगी आहे.

४. शस्त्रक्रिया कोणावर व कशी

झटका मेंदूच्या एकाच, नेमक्या भागातून उगम पावत असेल आणि तो भाग काढल्याने वाणी, स्मरण किंवा हातापायांची हालचाल यांस मोठी इजा होणार नसेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. हे ठरविण्यासाठी एम. आर. आय. ने मेंदूची चित्रे घेतात. रुग्णालयात काही दिवस ठेवून चलत्-चित्रण व विद्युत्-लहरींचा आलेख एकाच वेळी नोंदवितात. स्मरणशक्ती व भाषा यांच्या चाचण्याही घेतात.

एवढी सावधगिरी का, याचा धडा इतिहासात आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचे आतील भाग काढण्यात आले. त्याचे झटके पुष्कळ कमी झाले, परंतु नवी आठवण साठविण्याची शक्ती कायमची गेली. २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तसाच राहिला. स्मरणाच्या शास्त्रास त्याच्यापासून मोठे ज्ञान लाभले, तथापि तशी शस्त्रक्रिया पुन्हा करू नये हेही ठरले.

भारतात या शाखेचा पाया वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ पासून घातला. कॅनडातील माँट्रियल येथे डॉ. वाइल्डर पेनफील्ड यांच्याजवळ त्यांचे शिक्षण झाले होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रिया नियमित होऊ लागल्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने औषधांस दाद न देणाऱ्या ११६ मुलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या ५७ मुलांपैकी ४४ मुले वर्षानंतर झटक्यांपासून मुक्त होती. केवळ औषधांवर ठेवलेल्या ५९ मुलांपैकी अशी मुले फक्त ४ होती. मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १९ मुलांत गंभीर दुष्परिणामही आढळले. शरीराच्या एका बाजूची शक्ती कमी होणे हा त्यांतील मुख्य होय. लाभ मोठा आहे, पण तो विनामूल्य नाही, हे पालकांस दोन्ही बाजूंनी समजावे.

५. शस्त्रक्रियेनंतरचे जीवन

शस्त्रक्रिया झाली म्हणजे सारे एका दिवसात पालटते, ही समजूत चुकीची आहे. पहिल्या काही दिवसांत एखादा झटका येऊ शकतो. तेवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. गोळ्या पुढेही बराच काळ चालू राहतात आणि वैद्यांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी होतात. काहींना नावे व शब्द आठवण्यास वेळ लागतो. डोक्यावरचा व्रण पाहून सोबती प्रश्न विचारतात.

याहून सूक्ष्म अडचण मनाची असते. झटके थांबतात, पण भीती लगेच थांबत नाही. आई अजून रात्री उठून मुलाचा श्वास पाहते. वर्षानुवर्षे ज्यास कोणी काम सांगितले नाही, त्याच्याकडून आता एकदम सर्व अपेक्षा केल्या जातात. ‘आता तू बरा झालास ना?’ हा प्रश्नही ओझे होतो. अशा मुलास लहान लहान जबाबदाऱ्या देऊन आत्मविश्वास वाढविणे हे शाळेचे काम आहे.

पुण्याच्या यशोदा वाकणकर यांचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्यांना लहानपणापासून हा विकार होता. पुढे मेंदूवर शस्त्रक्रिया होऊन झटके थांबले. त्यानंतर त्यांनी ‘संवेदना’ हा रुग्णांचा व पालकांचा आधारगट उभा केला आणि अपस्मार असलेल्यांच्या विवाहासाठीही प्रयत्न केले. जे दुःख लपविले जाते, ते बोलून दाखविल्याने इतरांस मार्ग सापडतो, हे त्यांच्या कार्यावरून दिसते.

६. शिक्षकाचे कर्तव्य

झटका आल्यास: घड्याळ पाहावे. मुलास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्तू ठेवावी व जवळचे बाक दूर सारावेत. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविल्याने झटका थांबत नाही. बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात व श्रेय कांद्यास मिळते. झटका ५ मिनिटांहून अधिक चालला, शुद्धीवर न येता दुसरा आला, किंवा इजा झाली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

एरवी: गोळीची वेळ चुकू देऊ नये. नदी, विहीर, उंच जागा व चूल यांजवळ सोबत असावी. इतर खेळ बंद करू नयेत. आरोग्य तपासणीस येणाऱ्या पथकास असे मूल अवश्य दाखवावे.

नोंद: डॉक्टरांना प्रत्यक्ष झटका क्वचितच पाहावयास मिळतो. तो पाहतो वर्गशिक्षक. म्हणून वहीत दिनांक, वेळ, झटक्यापूर्वी मूल काय म्हणाले, सुरुवात कोणत्या हातापासून किंवा कोणत्या बाजूने झाली, मान कोणीकडे वळली, किती मिनिटे चालला व भान येण्यास किती वेळ लागला, हे लिहावे. झटक्याचा उगम मेंदूच्या कोणत्या भागात आहे, हे शोधण्यास अशी नोंद मोलाची मदत करते. चार ओळींची ती नोंद एखाद्या मुलास योग्य रुग्णालयापर्यंत पोहोचविणारी पहिली पायरी ठरू शकते.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. ‘लक्ष नसणे’ व सौम्य झटका यांतील फरक वर्गात कसा ओळखाल?
२. मुलाचा विकार लपविणाऱ्या पालकांशी संवाद कसा सुरू कराल?
३. शस्त्रक्रियेनंतर शाळेत परतणाऱ्या मुलासाठी पहिल्या महिन्याचे नियोजन करा.
४. झटका पाहून घाबरलेल्या वर्गास समजेल असा दहा मिनिटांचा पाठ तयार करा.