उणे, उणे आणि उलटी पट्टी

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या कला शाखेत गणिताचा विषय निघाला की पुष्कळ जण मान खाली घालतात. दहावीनंतर ही कटकट सुटली, असे मीही म्हणत असे. तरीही एक नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो : ‘उणे उणे अधिक’. पाठ असूनही तो चुकतो. माझा तर घरातच चुकला होता.

मी सातवीत असतानाची गोष्ट. वडिलांनी बाहेरच्या बाजारात पाठविलेल्या टोमॅटोची पट्टी आली. विक्रीच्या रकमेपेक्षा भाडे आणि हमाली जास्त झाली, की शेतकऱ्याकडेच पैसे निघतात. आपल्याकडे हिला ‘उलटी पट्टी’ म्हणतात. आधीच्या पट्टीत उणे ४० रुपये होते, या पट्टीत उणे १२०. घरात वाचता येणारा मी एकटाच. ऐटीत सांगितले, “उणे उणे अधिक. आपलं १६० रुपये येणं आहे.” वडील शाळेत गेलेले नाहीत. ते म्हणाले, “अरे, दोन्हीकडं आपलंच देणं, मग येणं कुठून निघालं?”

वडिलांचे बरोबर होते. दोन देण्यांची बेरीज देणेच होते : (−४०) + (−१२०) = −१६०. मी पाठ केलेला नियम गुणाकार-भागाकाराचा होता. बेरजेत चिन्हे सारखी असतील तर संख्या मिळवून तेच चिन्ह द्यावे. वेगळी असतील तर मोठीतून लहान वजा करून मोठीचे चिन्ह द्यावे. वजाबाकीत ऋण संख्या काढून टाकणे म्हणजे देणे माफ होणे. १६० पैकी ४० माफ झाले, तर (−१६०) − (−४०) = −१२०.

गंमत अशी, की वडिलांची भाषा हीच शास्त्राची मूळ भाषा आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्रह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात हे नियम सांगितले, ते ‘धन’ आणि ‘ऋण’ या शब्दांत. दोन ऋणांची बेरीज ऋण, समान धन व ऋण यांची बेरीज शून्य, आणि ऋणाला ऋणाने गुणले असता धन. पुढे भास्कराचार्यांनी ‘बीजगणितात’ हेच नियम दिले. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची तेव्हा रीत होती. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापिला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. नाशिकरोडहून चाळीसगावपर्यंत रेल्वेने जाऊन गाठता येईल असे हे ठिकाण. उलट युरोपात अठराव्या शतकातही काही गणिती ऋण संख्या मानायला तयार नव्हते.

आता खरा प्रश्न. ऋण गुणिले ऋण धन का? पुन्हा टोमॅटोकडे जाऊ. एका क्रेटमागे ५ रुपये तोटा आहे, म्हणजे −५. तीन क्रेट जादा पाठविले तर ३ × (−५) = −१५. गाडीत चढविलेले तीन क्रेट उतरवून घेतले, म्हणजे −३ क्रेट, तर होणारा तोटा १५ रुपयांनी टळला : (−३) × (−५) = +१५. हे पटत नसेल तर ओळीने पाहा. −५ ला ३, २, १, ० यांनी गुणले असता −१५, −१०, −५, ० येतात. दर पायरीस उत्तर ५ ने वाढते. पुढची पायरी −१ ची. तेथे उत्तर +५ च यायला हवे. हा क्रम मोडायचा नसेल तर दुसरे उत्तर संभवत नाही.

मात्र त्या १५ रुपयांना नफा समजू नये. तो केवळ टळलेला तोटा आहे. बियाणे, औषध, पाणी आणि घरच्यांची मजुरी या हिशेबात आलेलीच नाही. ती धरली तर उत्तराचे चिन्ह कोणते राहील, हे सांगायला पाठांतर लागत नाही.

मित्रहो, स्पर्धा परीक्षेत चिन्ह चुकले तर एक गुण जातो. पट्टी वाचताना चुकले तर घरचा हिशेब चुकतो. म्हणून नियम लावण्याआधी एवढेच विचारावे : येथे बेरीज आहे की गुणाकार, आणि देणे कोणाचे? मला हा प्रश्न वडिलांनी शिकविला. आता पट्टी आली की मी वाचतो आणि चिन्ह ते सांगतात.