नसबंदीनंतर फवारणीचा पंप पाठीवर घेता येईल का?

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, केळापूर तालुक्यातला शेतकरी. दोन लेकरं आहेत. बायकोच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून ऑपरेशन मीच करावं म्हणतो. आई म्हणते, कमजोरी येते, शेतीची कामं होत नाहीत. खरं काय?

उत्तर : आईंची काळजी खरी, समजूत मात्र चुकीची. पुरुषत्वाचं संप्रेरक अंडकोशात तयार होऊन थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या तेवढ्या बंद करतात. ताकद, दाढी-मिशा, इच्छा, सगळं जिथल्या तिथे राहतं. वीर्यही येतं, कारण त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो.

बिनटाक्याच्या पद्धतीत जागा बधिर करून एक छोटं छिद्र पाडतात. त्याच दिवशी घरी जाता येतं. दोन दिवस आराम करा. आठवडाभर पंप, कापसाचं गाठोडं, सायकल, तिन्ही बंद. त्यानंतर खुशाल पंप उचला.

लोक चुकतात ते पुढे. नळीत आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, म्हणून तीन महिने निरोध वापराच आणि मग वीर्यतपासणी करून घ्या. ही तपासणी टाळली, दिवस गेले आणि घरात बायकोवर संशय घेतला, असं मी पाहिलंय. नळ्या पुन्हा जोडण्याची खात्री नसते, तेव्हा दोघांचा निर्णय पक्का हवा.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री-नसबंदी ३७.९ टक्के होती आणि पुरुषांची ०.३. वास्तविक पोट उघडावं लागतं ते बाईचं!

यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. जाताना बायकोचं हिमोग्लोबिनही तपासून घ्या.