४.३ सूचक प्रश्न, साक्षीदाराची स्मृती आणि नियंत्रित गट

मागील उपघटकात आपण स्वाश्रयी चल व पराश्रयी चल यांचा संबंध अभ्यासला. आता न्यायसहायक मानसशास्त्रातील एका संशोधनाच्या आधारे नियंत्रित गटाचे महत्त्व समजून घेऊ.

‘आरोपीच्या हातात कोयता होता ना?’ हा सूचक प्रश्न होय. उत्तर प्रश्नातच दडलेले असते. म्हणूनच सरतपासणीत असा प्रश्न विचारण्यास विरुद्ध पक्ष हरकत घेऊ शकतो. उलटतपासणीत मात्र तो विचारता येतो. अशा प्रश्नाने साक्षीदार आपले उत्तर बदलेल, ही कायद्याची चिंता आहे. मानसशास्त्रज्ञाची शंका याहून खोल आहे : प्रश्नामुळे आठवणच बदलत असेल काय?

एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत ४५ विद्यार्थ्यांना मोटार-अपघातांच्या ७ चित्रफिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातील केवळ क्रियापद बदलले होते. गाड्या एकमेकींवर ‘जोरात आदळल्या’ असे विचारले तेव्हा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांहून थोडा अधिक आला. एकमेकींना ‘लागल्या’ असे विचारले तेव्हा ३१.८ मैल.

येथे निष्कर्षाची घाई करू नये. आठवण तशीच राहून, केवळ शब्दाच्या ओघात मोठा आकडा सांगितला गेला, असेही म्हणता येते. ही पर्यायी उपपत्ती तपासण्यासाठी संशोधकांनी दुसरा प्रयोग केला. १५० विद्यार्थ्यांचे ५० जणांचे तीन गट केले. पहिल्या गटास ‘जोरात आदळल्या’ व दुसऱ्यास ‘धडकल्या’ हे शब्द वापरून वेग विचारला. तिसऱ्यास वेगाविषयी काहीच विचारले नाही. एक आठवड्याने सर्वांना विचारले : फुटलेली काच दिसली होती काय? चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरीही ‘होय’ म्हणणारे अनुक्रमे १६, ७ व ६ निघाले.

उत्तरपत्रिकांमध्ये लॉफ्टस यांचे नाव, वर्ष आणि १६ हा आकडा बहुधा बिनचूक असतो. ६ हा आकडा मात्र गाळलेला असतो. वास्तविक सारे प्रमाण त्या ६ मध्ये आहे. केवळ पहिला गट घेतला असता, तर आपण सर्व १६ जणांची चूक त्या शब्दाच्या माथी मारली असती. परंतु काहीही न सुचवता ५० पैकी ६ जणांना नसलेली काच आठवली. शब्दाचा परिणाम त्यापुढे मोजावयाचा आहे. ‘धडकल्या’ या शब्दाने जवळजवळ काहीच फरक पडला नाही, हेही या ६ मुळेच कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘जोरात आदळल्या’ हा शब्द ऐकूनही ३४ जण ‘नाही’च म्हणाले. प्रयोग गटाविषयी बोलतो. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मात्र एकच व्यक्ती उभी असते. तिची आठवण सूचनेने बदलली आहे, असे या आकड्यांवरून सांगणारा तज्ज्ञ आपली मर्यादा ओलांडतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणाला तुरुंगात मोजावी लागू शकते.

बाह्य सप्रमाणतेचा प्रश्न उरतोच. वर्गात बसून पाहिलेली चित्रफीत आणि डोळ्यांदेखत झालेला गोळीबार एक नव्हे. कॅनडात युइल व कटशॉल यांनी (१९८६) बंदुकीच्या दुकानाबाहेर घडलेल्या खऱ्या गोळीबाराच्या १३ साक्षीदारांच्या मुलाखती चार-पाच महिन्यांनी घेतल्या. त्यांच्या आठवणी बऱ्याच अचूक होत्या आणि दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांना ते फारसे बधले नाहीत. तथापि पोलिसांनी जबाब घेतलेल्या २१ साक्षीदारांपैकी मुलाखतीस तयार झालेले हे १३ होते. कोण किती जवळ उभे होते, हेही संशोधकांच्या हाती नव्हते. प्रयोगशाळेत नियंत्रण मिळते व प्रसंग हरवतो. येथे नेमके उलटे झाले.

स्वाध्याय : समजा, एका चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाने २० रुग्णांना ‘लहानपणी तुम्हाला कोणी दुखावले होते?’ असे वारंवार विचारले. त्यांपैकी १४ जणांना तसा प्रसंग आठवला. हा प्रश्नाचा परिणाम आहे की नाही, हे ठरवण्यासाठी आणखी कोणता गट घ्यावा लागेल? त्या गटास काय विचाराल आणि काय विचारणार नाही? आठवलेला प्रसंग खरोखर घडला होता की नाही, हे तुमच्या आराखड्यावरून कळेल काय? कारणांसह लिहा.