क्रॅकरला भोकं कशासाठी?

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला पाकिटातलं काही नको, म्हणून कणकेचे क्रॅकर आणि दह्याचं डिप घरीच केलं. क्रॅकर ओव्हनमध्ये पुरीसारखे टम्म फुगले आणि दुसऱ्या दिवशी वातड झाले. डिपही पाहुणे येईपर्यंत पातळ झालं. विकतच्या क्रॅकरवर भोकं असतात ती नुसती नक्षी, की त्यांचा काही उपयोग असतो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : उपयोग असतो, आणि फार मोठा असतो. तुमच्या तिन्ही तक्रारी खरं तर पाण्याच्याच आहेत.

आधी भोकांचं पाहू. पाण्याची वाफ झाली की तिला 1,600 पटींहून जास्त जागा लागते. लाटलेल्या पिठाचा वरचा आणि खालचा पापुद्रा उष्णतेने आधी घट्ट होतो, आतल्या पाण्याची वाफ मधे कोंडते आणि दोन्ही पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलते. जेवणातल्या पुरीत आपल्याला हेच हवं असतं. शेवपुरीच्या चपट्या पुरीत ते नको असतं, म्हणून तिला तळण्याआधी टोचे मारतात. मोनॅकोसारख्या बिस्किटांवरची भोकं त्याच कामाची आहेत. त्यांतून वाफ निसटते हे एक. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोचलेल्या जागी दोन्ही पापुद्रे एकमेकांना चिकटतात, गोधडीला टाके घालावेत तसे. म्हणून काट्याने वरवर खुणा करून चालत नाही. काटा पोळपाटाला लागेपर्यंत आरपार गेला पाहिजे आणि बोटाच्या पेराएवढ्या अंतराने टोचलं पाहिजे.

आता कुरकुरीतपणा. एक वाटी कणकेला दोन मोठे चमचे तेलाचं मोहन घ्या, अर्धा छोटा चमचा मीठ, ओवा, तीळ घाला आणि मोहन पिठाला चांगलं चोळा. पिठाच्या कणांवर तेलाचा थर बसला की गव्हातल्या प्रथिनांचे लांब, चिवट धागे तयार व्हायला अडथळा येतो आणि क्रॅकर खुसखुशीत होतो. पाणी बेताने घालून पीठ घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा. हा अर्धा तास वाचवू नका. न मुरलेलं पीठ लाटलं की मागे आक्रसतं, मग पोळी मधे जाड आणि कडेला पातळ राहते. असे क्रॅकर कडेला करपतात आणि मधे कच्चे राहतात, ओव्हन कितीही चांगला असो. पोळी दीड-दोन मिलिमीटरची, सगळीकडे सारखी लाटा आणि शंकरपाळ्यांच्या कातण्याने कापा.

रंग आला म्हणजे क्रॅकर झाला असं समजू नये. तुमचे क्रॅकर वातड झाले ते बहुधा इथेच. 180 अंशांवर बारा-पंधरा मिनिटांत छान बदामी रंग येतो, पण मध्यभागी ओल राहिलेली असते. डब्यात ठेवल्यावर तीच ओल कडेपर्यंत पसरते. म्हणून रंग आल्यावर ओव्हन बंद करून दार जरासं उघडं ठेवा आणि क्रॅकर आतच वाळू द्या. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. पावसाळी हवेत सादळलेच, तर 150 अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवले की पुन्हा कडक होतात. ओव्हन नसला तरी अडत नाही. खाकऱ्यासारखे मंद आचेवर तव्यावर फडक्याने दाबत भाजा. मला स्वतःला तव्यावरचेच जास्त आवडतात, त्यांना भाजल्याचा खमंगपणा येतो.

डिपची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे पाणी बाहेर येऊ द्यायचं नसतं. दही म्हणजे दुधातल्या प्रथिनांची नाजूक जाळी, आणि त्या जाळीत धरलेलं पाणी. चमचा फिरवला की जाळी मोडते आणि पाणी सुटतं. ते आधीच काढून टाका. दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगून ठेवा, श्रीखंडाला चक्का करतो तसंच. दही निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येईल, तेव्हा त्या हिशोबाने घ्या.

तरीही डिप पातळ झालं तर काकडी-कांद्याकडे पाहा. मीठ त्यांच्यातलं पाणी ओढून घेतं. कोशिंबिरीसाठी चोचवतो तशी काकडी चोचवून मीठ लावा, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळा आणि मग चक्क्यात घाला. नंतरचं मीठ चाखूनच. लसूण कच्चा घातला तर वेळ जाईल तसा उग्र होतो. ठेचल्याबरोबर त्यात लिंबू पिळलं तर आंबटपणामुळे तो तिखटपणा पुरता तयारच होत नाही. मी मात्र तेलात तीळ, लसूण आणि सुकी मिरची यांची फोडणी करून, ती गार झाल्यावर चक्क्यावर घालते. मुलांसाठी मिरची वगळावी.

वाढदिवसाला हे सगळं एकाच दिवशी करू नका. क्रॅकर दोन दिवस आधी भाजून ठेवा, दही आदल्या रात्री टांगा, काकडी पाहुणे येण्याच्या तासभर आधीच मिसळा. डिप क्रॅकरवर लावून मांडू नका, दहा मिनिटांत ते मऊ पडतील. वाटी लहान ठेवा आणि फ्रीजमधून लागेल तसं भरत राहा. दह्याचं डिप दोन तासांहून जास्त बाहेर राहू नये, आणि सांगलीच्या मे महिन्यात तर एक तासही पुरे.